शेवटच्या एसटीनंतरचं कॉलेज

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्याच्या साधारण वर्षभर आधी, जून १९४७ मध्ये, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगरमध्ये अहमदनगर महाविद्यालय सुरू केलं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा संबंध नाही. पण पुढच्या पाऊणशे वर्षांत नगर जिल्ह्यातल्या मुलामुलींचं कॉलेजजीवन कसं घडलं, हे सांगायचं तर दोन्हींना सोबत घ्यावं लागतं. कॉलेज निघालं म्हणून शिक्षण जवळ आलं आणि एसटी आली म्हणून पाथर्डी, पारनेर, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरचं पोर त्या कॉलेजात पोचलं. पण ज्या एसटीनं त्याला सकाळी आणलं, तीच त्याला संध्याकाळी परत नेत होती. पाच-साडेपाचला माळीवाडा स्टँडवर जी गर्दी उसळते, ती पाहिली की कॉलेजचे दोन भाग होतात हे डोळ्यांना दिसतं. एक तासांचं कॉलेज, ते सगळ्यांचं. दुसरं तास सुटल्यानंतरचं. ते फक्त मागे राहणाऱ्यांचं.

जगातल्या नामांकित विद्यापीठांबद्दल बोलताना आपण तिथले प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालयं यांची यादी देतो. ते खरंच आहे. पण या विद्यापीठांचं खरं वेगळेपण त्या दुसऱ्या भागात आहे, असं मला वाटतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये विद्यार्थी कॉलेजात राहतो, तिथल्या भोजनगृहात लांबच लांब टेबलांवर इतरांसोबत जेवतो, तिथल्याच नौकेवर वल्ही मारतो. शिकवणं हा त्या सहवासाचा एक भाग असतो. या सहवासाचं एक टोक म्हणजे बंद दारांचे क्लब. ऑक्सफर्डचा बुलिंग्डन क्लब १७८० चा. महागडे पोशाख, मेजवान्या आणि त्यानंतरची मोडतोड यांसाठी तो बदनाम आहे. डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन हे दोघेही तरुणपणी त्याचे सभासद होते आणि दोघेही पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. हार्वर्डच्या पोर्सेलियन क्लबात थिओडोर रूझवेल्ट होते. त्यांच्याच कुळातल्या फ्रँकलिन रूझवेल्टना मात्र तिथे घेतलं गेलं नाही. पुढे दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा क्लबावाचून कुणाचं अडतं असं नाही. तरीही कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवणारी एक चाळणी विद्यापीठाच्या आत विद्यार्थीच चालवतात.

अमेरिकेतल्या पार्ट्यांचं आजचं रूप तर एका कायद्यानं घडवलं आहे. १९८४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं दारू पिण्याचं किमान वय २१ केलं. म्हणजे थेट बंदी नव्हे; जे राज्य हे वय ठेवणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतला काही भाग कापला जाईल, अशी तरतूद. राज्यांनी वय वाढवलं. पदवीचे बहुतेक विद्यार्थी १८ ते २१ वयाचे. त्यांचं पिणं वसतिगृहातून आणि उघड्या बारमधून उठलं आणि मुलांच्या खासगी संघटनांच्या, म्हणजे फ्रॅटर्निटींच्या घरांत गेलं. मुलींच्या तशाच संघटनांना स्वतःच्या घरात दारू ठेवायला त्यांच्या राष्ट्रीय मंडळांची मनाई. त्यामुळे पार्टी कुठे, किती वाजता, दारात कोणाला घ्यायचं, रात्री मुलींना परत कोण सोडणार, हे सगळं मुलांच्या हातात गेलं. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग आणि लॉरा हॅमिल्टन या समाजशास्त्रज्ञ स्त्रियांनी एका सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहात एकाच मजल्यावर राहणाऱ्या मुलींचा पाच वर्षं पाठपुरावा केला. २०१३ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यातला निष्कर्ष मन लावून वाचावा असा आहे. पार्ट्यांत रमलेल्या श्रीमंत घरच्या मुलींचं फारसं काही बिघडलं नाही, कारण गुण कमी पडले तरी आईवडिलांच्या ओळखी कामाला आल्या. त्यांच्या मागोमाग त्याच वाटेनं गेलेल्या साध्या घरच्या मुली मात्र अडकल्या. पार्टी दोघींनी केली, बिल एकीलाच आलं.

मग नोकरी देणारे काय पाहतात? समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी बड्या सल्लागार कंपन्या, वकिली संस्था आणि गुंतवणूक बँका माणसं कशी निवडतात, याचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये पुस्तकरूपानं आला. मुलाखत घेणारे उमेदवाराच्या छंदांना, खेळांना आणि बोलण्याचालण्याला फार वजन देतात. या माणसासोबत विमानतळावर अडकून पडलो तर वेळ बरा जाईल का, असा विचार करतात. म्हणजे संध्याकाळी मिळवलेलं सकाळच्या कामाला येतं. नगर जिल्ह्यातल्या पालकानं ‘पोरं कॉलेजात टाइमपास करतात’ असं म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावं, म्हणून एवढं लांबून सांगितलं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या आयआयटीत १९७१ पासून ‘मूड इंडिगो’ भरतो, पुण्यामुंबईच्या कॉलेजांचे स्वतःचे महोत्सव आहेत. नगरमध्ये मान गॅदरिंगचा. निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण’ छापतात. बोलताना सगळे गॅदरिंगच म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. आठवडाभर आधी ‘डेज’ सुरू होतात: ट्रॅडिशनल डे, साडी डे, टाय डे. एरवी पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट लपेटून येणारी मुलगी आईची नऊवारी नेसून, नाकात नथ घालून फाटकातून आत येते आणि तीन वर्षं शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलांना ती पहिल्यांदा नीट दिसते. मुलंही फेटे बांधतात. फेटा बांधून देणारा एखादा असतोच, गावच्या तमाशात किंवा लग्नात शिकलेला. त्या दिवशी त्याच्यापुढे रांग लागते, आणि त्या रांगेत शहरातली मुलंही उभी असतात.

मग फिशपॉन्ड, म्हणजेच शेलापागोटे. ग्रंथालयाच्या दाराशी किंवा ऑफिसच्या व्हरांड्यात पुठ्ठ्याची एक पेटी ठेवतात. वर फट पाडलेली, बाजूंनी रंगीत कागद लावलेली. चारचौघांत बोलता येत नाही ते मुलं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकतात: वर्गात झोपणाऱ्यावर, सारखं केस विंचरणाऱ्यावर, एकाच मुलीच्या बसला लटकून येणाऱ्यावर, आणि हळूच सरांवरही. एक-दोन प्राध्यापक बसून चिठ्ठ्या निवडतात, अश्लील आणि जिव्हारी लागणाऱ्या बाजूला काढतात. मग मंडपात त्या वाचल्या जातात. ज्याच्या नावानं चिठ्ठी येते तो लाजतो, पण आतून सुखावतो, कारण हजारेक मुलांमध्ये आपण कुणाला तरी दिसलो. रोज बसनं येऊन बसनं जाणाऱ्याला हे समाधान फार क्वचित मिळतं. मात्र या प्रकाराची दुसरी बाजूही खरी आहे. रंगावर, गावाकडच्या बोलीवर, आडनावावरून कळणाऱ्या जातीवर मारलेल्या चिठ्ठ्यांनी कित्येकांना कायमचं दुखवलं आहे, आणि अनेक ठिकाणी ही पेटी बंद झाली ती त्यामुळेच. निवडणारे प्राध्यापक सजग असतील तरच ती ठेवावी.

कॉलेजच्या या वातावरणाची मराठी रंगभूमीवर अमर झालेली नक्कल नगरशी जोडलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिणारे आणि त्यातले प्राध्यापक बारटक्के रंगवणारे मधुकर तोरडमल नगरला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मुलांचा वात्रटपणा आणि त्यांच्याकडे कान देऊन ऐकणारा प्राध्यापक, हे दोन्ही त्या नाटकात आहेत. संध्याकाळी मुलांमध्ये बसल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

नाटक म्हटलं की तालीम आली आणि तालीम म्हटली की वेळ आली. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. फिरोदिया करंडक पुण्यातला असला तरी नाव नगरच्या घराण्याचं. खुद्द नगरमध्ये महाकरंडक एकांकिका स्पर्धा होते. या स्पर्धांतून महाराष्ट्राला नट, लेखक, दिग्दर्शक मिळाले आहेत. पण एकांकिका बसवणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली अडचण संहितेची नसते, मुलींची असते. तालीम सुरू होते तास सुटल्यावर आणि रंगते रात्री आठनंतर. गावाकडच्या मुलीची गाडी साडेपाचची. मग शहरात घर असलेली किंवा वसतिगृहात राहणारी शोधायची, तिच्या रेक्टरबाईंना पत्र द्यायचं, घरच्यांना भेटायचं. शेवटी लेखक काय करतो? पाच पुरुष आणि एक बाई अशी संहिता लिहितो, आणि त्या बाईलाही दोनच प्रवेश ठेवतो. रंगमंचावर कुणाची गोष्ट येणार, हे अशा रीतीनं बसच्या वेळापत्रकानं ठरतं. मुलांचंही फार वेगळं नाही. मुक्कामाची सोय असेल तो नट, नसेल तो प्रेक्षक.

याच शहरानं उलट उदाहरणही दिलं आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातल्या गरीब घरात वाढलेला नागराज मंजुळे न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला नगरला आला. तिथे शिकत असताना त्यानं ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतरचे. त्याची प्रतिभा त्याची स्वतःची. पण लहान शहरातल्या कॉलेजात कॅमेरा हाताळायला मिळणं, रात्र रात्र चित्रपटांवर वाद घालायला मित्र मिळणं, चूक झाली तर पुन्हा कर म्हणणारं कुणी असणं, ही परिस्थिती कुणीतरी निर्माण केलेली होती. त्याच्याइतकेच हुशार पण साडेपाचच्या गाडीला बांधलेले किती असतील, हा प्रश्न मला सोडत नाही.

ज्यांना मागे राहता येतं त्यांचं जग म्हणजे वसतिगृह. या बाबतीत महाराष्ट्राचा वारसा मोठा आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, ती बहुतेक जातवार होती. त्या काळात निरनिराळ्या जातींची मुलं शाळेपर्यंत यायची तर तोच मार्ग होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. मुलांनीच दळायचं, स्वयंपाक करायचा, शेतात राबायचं आणि शिकायचं. ‘कमवा आणि शिका’ ही त्याच मुशीतली योजना. कोपरगाव, श्रीरामपूर, कर्जत इथली रयतची कॉलेजं म्हणजे त्या विचाराच्या नगर जिल्ह्यातल्या फांद्या.

इथे परत एक दूरचा अभ्यास जोडतो. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात नव्या मुलांना खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, कुणाचीही निवड न विचारता दिल्या जात. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञानं त्याचा फायदा घेऊन पाहिलं की खोलीतल्या जोडीदाराचा परिणाम होतो का. २००१ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधानुसार तो होतो: जोडीदाराचा अभ्यास चांगला तर आपलाही थोडा सुधारतो, आणि जोडीदार क्लबात गेला तर आपणही जाण्याची शक्यता वाढते. डार्टमाउथमध्ये जे चिठ्ठीनं घडलं ते भाऊरावांनी सत्तरेक वर्षं आधी ठरवून केलं होतं, आणि तेही जिथे शेजारी बसून जेवणं हाच मोठा सामाजिक गुन्हा मानला जात होता तिथे. रूम पार्टनर कोण, हा वसतिगृहातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. तो मुलांवर सोडला की गाववाला गाववाल्याला, जातवाला जातवाल्याला धरतो. रेक्टरनं जरा धीर धरून खोल्या मिसळल्या, तर वर्षअखेरीला त्याच मुलांना वेगळं व्हायला नको असतं.

नगर जिल्ह्यात पूर्ण निवासी म्हणावं असं मोठं आवार राहुरीचं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा जन्म १९६८ च्या कृषी विद्यापीठ स्थापनेतला. अमेरिकेत शेती शिकवण्यासाठी सरकारी जमिनी देऊन जी विद्यापीठं काढली, त्यांचा नमुना भारतातल्या कृषी विद्यापीठांपुढे होता. त्यामुळे शेतं, प्रयोगक्षेत्रं, वसतिगृहं सगळं एकाच कुंपणात. इथलं सामाजिक जीवन मेसभोवती फिरतं. मेस सेक्रेटरी मुलांमधलाच. कुणी गावी गेलं की खाडा टाकायचा. सलग किती दिवसांचा खाडा धरायचा यावरून दर महिन्याला वाद ठरलेला. महिन्याकाठी फीस्ट, त्यात गुलाबजाम की श्रीखंड यावर मतदान. शाकाहारी-मांसाहारींची भांडी वेगळी ठेवायची का, यावर झालेली भांडणं मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. पैसे सांभाळणं, बाजारभाव कळणं, पन्नास जणांची मतं ऐकून एक भाजी ठरवणं, हे सगळं इथे शिकलेला मुलगा पुढे तालुक्याला अधिकारी होऊन जातो तेव्हा त्याच्या कामी येतं. कृषी पदवीधरांची स्पर्धा परीक्षांकडे असलेली ओढ सर्वांना माहीत आहे. तहसील कार्यालयात, बँकेत, कृषी खात्यात ‘तुमची बॅच कोणती?’ हा प्रश्न निघाला की निम्मं काम सोपं होतं. बुलिंग्डनच्या मेजवानीतून जे घडतं, तेच कांदा-बटाट्याच्या रश्शातून घडतं. फरक एवढा की इथे दारात कुणी चाळणी घेऊन उभं नसतं. प्रवेश परीक्षेनं एकदा आत घेतलं की पंगत सगळ्यांची.

अंतिम वर्षाला याच मुलामुलींना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात पाठवतात. तेव्हा ते ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून ओळखले जातात. चार-सहा मुली एका गावात खोली घेऊन राहतात, सकाळी शेतकऱ्याला बीजप्रक्रिया करून दाखवतात, संध्याकाळी सरपंचांच्या ओट्यावर चहा घेतात. मुलींनी घराबाहेर, वसतिगृहाबाहेर, आपल्या जबाबदारीवर राहण्याची गावानं मान्य केलेली ही दुर्मीळ संधी आहे.

लोणी-प्रवरानगरची तऱ्हा वेगळी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून तिथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आधारानं शाळा-कॉलेजं निघाली. १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना दार उघडलं. लोणीचं ग्रामीण अभियांत्रिकी कॉलेज त्याच वर्षीचं, वैद्यकीय त्याच्या पुढच्या वर्षीचं. उसाच्या फडाला लागून शहरातली, परराज्यातली मुलं राहायला आली. त्यांच्यामागे भाड्याच्या खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकानं, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चहाच्या टपऱ्या आल्या. एकाच रस्त्याच्या एका कडेला वाढदिवसाचा केक कापणारी भावी डॉक्टर मुलं आणि दुसऱ्या कडेला पाथर्डीहून आलेल्या ऊसतोड कुटुंबाच्या कोप्या, असं दृश्य गाळप हंगामात दिसतं. हाच हंगाम गॅदरिंगचा. ऊसतोड कामगाराचा शिकणारा मुलगा त्या दिवसांत एक तर फडात असतो, नाही तर गावी म्हाताऱ्या आजीला आणि लहान भावंडांना सांभाळत असतो. कॉलेजचे सगळ्यात आनंदाचे सहा-सात आठवडे त्याच्या वाट्याला येतच नाहीत. त्याची हजेरी माफ करणारे प्राध्यापक आहेत. गॅदरिंग मात्र कुणी पुढे ढकलत नाही.

दारूचं काय, हा प्रश्न या विषयात टाळता येत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे पदवीच्या जवळपास सर्व मुलांना ती कायद्यानं बंद. ती थांबते असं नाही. ती आवाराबाहेर जाते. काँट्री काढायची, महामार्गावरचा ढाबा गाठायचा, कुणाच्या तरी शेतातल्या खोलीवर किंवा धरणाच्या काठी बसायचं. अमेरिकेत दारू बंद दारांमागे गेली, इथे ती दुचाकीवर बसली. रात्री अकराला नगर–मनमाड रस्त्यावरून तिघे एका गाडीवर परत येतात, तेव्हा जे घडू शकतं ते घडतं. या जिल्ह्यात दारूच्या आठवणी मुळातच कडू आहेत. राळेगणसिद्धीत अण्णा हजाऱ्यांनी गाव उभं करताना पहिला घाव दारूच्या भट्ट्यांवर घातला. अनेक गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. अशा घरातून आलेला मुलगा पहिल्यांदा पितो तेव्हा लपून पितो आणि काही झालं तर घरी फोन करायला घाबरतो. माझं मत स्पष्ट आहे: वसतिगृहांनी पकडण्याइतकाच जोर ‘रात्री काहीही झालं तर आम्हाला फोन कर, आधी तुला आणू, बाकी सकाळी बोलू’ हे सांगण्यावर द्यावा.

रॅगिंगचंही तसंच. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरासाठी नियम केले. ओळख करून घेण्याच्या नावाखाली होणारा छळ त्यामुळे बराच आटोक्यात आला, हे चांगलंच झालं. मात्र त्यासोबत वरच्या आणि खालच्या वर्गांची निरोगी ओळखही काही ठिकाणी आटली. पुस्तकं हातोहात देणं, कुठल्या सरांचा प्रश्न कसा येतो ते सांगणं, गावाकडच्या मुलाला पहिल्या महिन्यात सोबत नेणं, हे मोठ्या मुलांचं काम होतं. ते आता ठरवून करावं लागतं.

बसनं जाणाऱ्यांना सामाजिक जीवनच नसतं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. संध्याकाळी गावात उतरलेल्या मुलाचं मंडळ असतं, यात्रेची वर्गणी असते, हरिनाम सप्ताहाची वाढप असते, टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. तिथली मैत्री घट्ट असते. रात्री दोनला दवाखान्यात न्यायला हेच मित्र येतात. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी अशा आपल्यातल्या आपल्यात बांधणाऱ्या नात्यांत आणि वेगळ्या थरांतल्या माणसांना जोडणाऱ्या नात्यांत फरक केला आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोट्यवधी फेसबुक मैत्र्यांचा अभ्यास छापला. गरीब मुलांची सुस्थितीतल्यांशी मैत्री जिथे जास्त, तिथे ती मुलं मोठेपणी अधिक कमावतात, असं त्यांना आढळलं. मंडळ पहिलं नातं देतं. दुसरं द्यायची जागा कॉलेज.

मुलींना तर मंडळही नाही. घर, बस, कॉलेज, बस, घर. २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर जिल्ह्यातल्या आईबापांची भीती कल्पनेतली आहे असं कुणी म्हणू शकत नाही. पण भीतीवरचा उपाय म्हणून दर वेळी मुलीची वेळ आखूड होते, रस्त्यावरचा दिवा आणि बसची फेरी वाढत नाही. २०१५ मध्ये दिल्लीत ‘पिंजरा तोड’ म्हणत मुलींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आवाज उठवला. आपल्याकडे तो आवाज तसा निघाला नाही. निघाली ती वाट राष्ट्रीय सेवा योजनेची.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला सुरू झालेली ही योजना वरवर सरकारी दिसते. पण तिचं सात दिवसांचं निवासी हिवाळी शिबिर हा नगरी कॉलेजजीवनाचा खरा उत्सव आहे. शाळेच्या खोल्यांत मुक्काम, मुलींची खोली वेगळी, मॅडम दाराशी गादी टाकून. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, प्रभातफेरी, मग टिकाव-फावडी घेऊन समतल चर खणायचे. दुपारी बौद्धिक, ऊन आणि पोटातली भाकरी यामुळे निम्मे पेंगतात. संध्याकाळी गावकऱ्यांसमोर पथनाट्य आणि रात्री शेकोटी. ज्याला वर्गात इंग्रजीत उत्तर देता येत नाही, त्याच्या हातात फावडं सराईत चालतं आणि शहरातल्या मुलाच्या हाताला फोड येतात. चार दिवसांत वर्गातली उतरंड उलटी होते. कोण पोवाडा म्हणतं, कोण दोनशे माणसांच्या पिठल्याचा अंदाज बरोबर घेतं, हे तेव्हा कळतं. जी आई मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला पाठवत नाही, ती शिबिराला पाठवते, कारण सोबत मॅडम आहेत आणि काम चांगलं आहे. या सात दिवसांत जुळलेली मैत्री आणि काही लग्नंही मी पाहिली आहेत.

विद्यार्थ्यांच्या हातातली एक जागा मात्र आपण घालवली. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वादात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. हिंसाचाराच्या भीतीनं पुढे निवडणुका बंद झाल्या, आणि १९९४ च्या कायद्यानं गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला मुलगा वर्गप्रतिनिधी झाला. त्याला गॅदरिंगपेक्षा परीक्षेची काळजी. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणायचं ठरवलं, २०१९ मध्ये त्या होता होता पुढे ढकलल्या गेल्या. गॅदरिंगचा खर्च कशावर करायचा, तालमीला हॉल किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, हे विचारणारं निवडून आलेलं कुणी नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात सेवा योजना, छात्रसेना, खेळ, कला यांना पदवीच्या श्रेयांकांत जागा मिळाली आहे. म्हणजे साडेपाचनंतरचं काही काम घड्याळी तासांत येऊ शकतं. यात धोका आहे: वही रंगवून श्रेयांक घेतले जातील आणि नाटकाची तालीम प्रॅक्टिकलच्या फाइलसारखी होईल. पण संधी त्याहून मोठी आहे. बुधवारी दुपारी १२ ते ३ सगळ्या शाखांचे तास बंद ठेवून तालमी, वादविवाद, मैदान, भित्तिपत्रक तेव्हाच घेता येईल. गॅदरिंगच्या तीन दिवसांपुरती रात्री नऊची जादा गाडी आगाराकडे मागता येईल; यात्रेला जादा गाड्या सुटतात, तर कॉलेजला का नाही? आणि गॅदरिंग दिवाळीपूर्वी, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी घेतलं, तर पाथर्डी-शेवगावची मुलंही त्यात असतील. प्राचार्य, आगारप्रमुख आणि चार वर्गांतली मुलंमुली एका टेबलाला बसली, तर हे या जूनपासूनही सुरू करता येईल.